संगणक कोणी जोडला, हे दुय्यम आहे

दहावी-बारावीचे निकाल लागले आणि इंजिनीअरिंग, आर्किटेक्चर, अ‍ॅनिमेशनचे प्रवेश सुरू झाले की अनेक घरांत एक जुना वाद नव्याने रंगतो. संगणक ब्रँडेड घ्यायचा की असेंबल्ड? थोडेफार समजणारा चुलतभाऊ सांगतो, सुटे भाग आणून आपणच जोडू, पैसे वाचतील. वडील विचारतात, बिघडला तर पकडायचे कोणाला? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण भांडण भलत्याच मुद्द्यावर चालले आहे. पैसे वाचण्याची गोष्ट पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही आणि कंपनीचा माल म्हणजे डोक्याला ताप नाही, हा समजही तपासून पाहावा असाच आहे. माझे म्हणणे असे की, टेबलावर ठेवायचा संगणक घेताना तो कोणी जोडला याला फारसे महत्त्व नाही. त्यातले भाग प्रमाणित मापाचे आहेत का, एक भाग गेला तर दुसऱ्या कोणत्याही कंपनीचा भाग तिथे बसेल का, यावर त्या यंत्राचे आयुष्य आणि त्याचा खरा खर्च ठरतो. ही कसोटी लावली तर बहुतेक घरांसाठी कौल असेंबल्डच्या बाजूने पडतो. मात्र त्याचे कारण चुलतभाऊ सांगतो ते नव्हे, आणि हा कौल सरसकट सगळ्यांसाठीही नाही.

आधी 'स्वतः बनवणे' या शब्दप्रयोगाभोवतीचे वलय थोडे कमी करायला हवे. घरी कोणी संगणक बनवत नाही, जोडतो. मदरबोर्ड, प्रोसेसर, त्यावरचा पंखा, रॅम, एसएसडी, एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि कॅबिनेट एवढे आणले की यंत्र उभे राहते. गेमिंग, थ्रीडी किंवा व्हिडिओ एडिटिंगचे जड काम असेल तर ग्राफिक्स कार्डाची भर पडते. बहुतेक प्लगांची रचनाच अशी असते की ते चुकीच्या जागी सहजी बसत नाहीत. नवख्या माणसाला एखादी दुपार लागेल. हे इतके सोपे का झाले, याचा इतिहास मात्र समजून घेण्यासारखा आहे, कारण आजच्या निवडीचे उत्तर त्यातच आहे. ऑगस्ट 1981मध्ये आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा घाई असल्यामुळे त्यातले महत्त्वाचे भाग बाहेरून घेतले होते. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. यंत्राच्या आतल्या जोडण्यांचे तांत्रिक तपशीलही आयबीएमने पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले, म्हणजे इतरांना त्यात बसणारी कार्डे बनवता यावीत. आयबीएमच्या हातात उरली होती ती मुख्यतः बायोस ही छोटीशी आज्ञावली. कॉम्पॅकने ती नक्कल न करता स्वतंत्रपणे लिहून घेतली आणि 1983मध्ये आयबीएमशी जुळणारे यंत्र विकायला काढले. पुढच्या काही वर्षांत अशा जुळत्या यंत्रांचा पूर आला. आपण आज ज्याला पीसी म्हणतो ती ही वंशावळ आहे.

आयबीएमला हे अर्थातच रुचले नाही. 1987मध्ये त्यांनी पीएस/2 ही नवी मालिका आणली आणि तिच्यात मायक्रो चॅनेल नावाची, परवाना घेतल्याशिवाय इतरांना वापरता न येणारी रचना घातली. हेतू उघड होता: निसटलेली मालकी परत मिळवणे. 1988मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन आपली वेगळी, जुन्या कार्डांशी जुळणारी रचना जाहीर केली आणि बाजाराने आयबीएमकडे पाठ फिरवली. पुढे 1995मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक आणले. मदरबोर्डचे माप, स्क्रूंची भोके कुठे असावीत, वीजपुरवठ्याची जोडणी कशी असावी, हे सगळे त्यात ठरले. तीस वर्षांनंतर आजही साधारण तेच मानक चालते. म्हणजे सुटे भाग एकमेकांत बसतात ही काही निसर्गाने दिलेली सोय नाही. ती एका व्यापारी लढाईत ग्राहकाच्या पदरात पडलेली गोष्ट आहे, आणि तिच्या कडेकडेने अतिक्रमण सतत चालू असते.

भारतात या खुलेपणाचा फायदा आपण मनसोक्त घेतला. नव्वदच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत आणि छोट्या कचेऱ्यांत आलेले संगणक मोठ्या प्रमाणावर असेंबल्ड होते. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळूरूत एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट ही नावे त्यामुळेच देशभर झाली. तेव्हा किमतीतला फरक मोठा होता. चुलतभावाच्या डोक्यात आजही तोच हिशेब आहे. पण आज साध्या कामाचा, म्हणजे ब्राउझर, वर्ड, एक्सेल, ऑनलाइन वर्ग एवढ्यापुरता संगणक घेतला तर असेंबल्डमध्ये फारसे काही वाचत नाही. कधी कधी महागही पडतो. मोठ्या कंपन्या लाखांनी प्रोसेसर विकत घेतात, विंडोजचा परवाना त्यांना किरकोळ ग्राहकापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतो. आपण तोच परवाना रीतसर सुटा घेतला तर काही हजार रुपये वरचे जातात. बाजारात टंचाई आली की हा फरक आणखी उलटतो. 2020-21मध्ये टंचाई आणि क्रिप्टोचलनाच्या खाणकामामुळे ग्राफिक्स कार्डे मूळ किमतीला मिळेनाशी झाली, तेव्हा कार्डासकट तयार संगणक घेणे स्वस्त पडत होते. 2025च्या अखेरीपासून रॅमच्या बाबतीत तसेच काहीसे घडले. एआयच्या डेटा सेंटरांची भूक भागवण्यात मेमरी उत्पादक गुंतले, किरकोळ बाजारात भाव भडकले, आणि मायक्रॉनने तर डिसेंबर 2025मध्ये क्रूशियल या आपल्या ग्राहकबाजारातल्या धंद्यातून बाहेर पडण्याचेच जाहीर केले. तेव्हा 'स्वस्त पडतो म्हणून असेंबल्ड' हे विधान विसरलेले बरे. किमतीचाच निकष लावायचा तर खरेदीच्या दिवशी दोन्ही कोटेशने समोर ठेवून पाहावे, आणि ब्रँडेड स्वस्त दिसला तर नवल वाटू देऊ नये.

मग तो का घेऊ नये? कारण ती किंमत पहिल्या दिवसाची असते. तयार संगणकाच्या जाहिरातीत काय लिहिलेले असते ते बारकाईने वाचा. प्रोसेसरचे नाव, रॅम किती जीबी, एसएसडी किती जीबी, विंडोज कोणते. काय लिहिलेले नसते? एसएमपीएस किती वॉटचा आणि कोणत्या प्रतीचा. सोळा जीबी रॅम एकाच पट्टीत आहे की आठ-आठच्या दोन पट्ट्यांत. मदरबोर्डवर रॅमच्या किती जागा रिकाम्या आहेत. वीजपुरवठ्याची जोडणी एटीएक्सप्रमाणे आहे की कंपनीची स्वतःची. खरेदीदार जे पाहतो त्यावर खर्च करायचा आणि जे पाहत नाही तिथे वाचवायचे, हे कारखानदारीचे साधे गणित आहे. त्यात कोणाचा दुष्टावा शोधण्याची गरज नाही. पण परिणाम आपल्यालाच भोगावे लागतात. रॅमची एकच पट्टी असेल तर मेमरीची रुंदी निम्मी होते, आणि ज्या यंत्रात वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही तिथे हे विशेष जाणवते, कारण प्रोसेसरमधले ग्राफिक्स तीच मेमरी वापरते. याहून महत्त्वाचा मुद्दा जोडणीचा. नावाजलेल्या कंपन्यांच्या अनेक डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डला एटीएक्सची 24 पिनांची जोडणी नसते, त्याऐवजी कंपनीची स्वतःची असते. एसएमपीएसचा आकारही वेगळा असतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी डेलने तर दिसायला एटीएक्ससारखाच पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असलेला प्लग वापरला होता. बाजारातला साधा एसएमपीएस लावला की बोर्ड जळण्याची भीती. आज इतका फसवा प्रकार दिसत नाही, पण न बसणारा प्रकार सर्रास दिसतो.

आता आपल्याकडची परिस्थिती लक्षात घ्या. विजेचा दाब वरखाली होणे, अचानक वीज जाणे, आणि कॅबिनेटमध्ये साचणारी धूळ, या तिन्हींचा पहिला मार एसएमपीएसवर बसतो. एटीएक्स मापाचा असेल तर तालुक्याच्या गावातही त्याच दिवशी दुसरा मिळतो आणि यंत्र संध्याकाळपर्यंत चालू होते. कंपनीच्या खास मापाचा असेल आणि वॉरंटी संपलेली असेल, तर तो मागवावा लागतो, कंपनी सांगेल ती किंमत द्यावी लागते, आणि मॉडेल जुने झाले असेल तर 'तो भाग आता येत नाही' हे उत्तर ऐकावे लागते. टायर फाटले म्हणून कोणी सायकल भंगारात देत नाही. इथे मात्र दोन-तीन हजारांच्या भागापायी चांगला चालणारा प्रोसेसर, रॅम, कॅबिनेट सगळे एकदम निकालात निघते. जगात 2022मध्ये 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला एक चतुर्थांशही रीतसर पुनर्प्रक्रियेला गेला नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. त्या ढिगात असे किती धडधाकट भाग असतील याचा विचार करून पाहावा.

प्रमाणित भागांचा उपयोग केवळ बिघाडापुरता नसतो. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज 11साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे 2016-17च्या सुमाराचे, अजून व्यवस्थित काम करणारे असंख्य संगणक अधिकृत यादीच्या बाहेर पडले. ज्याचे यंत्र प्रमाणित भागांचे आहे त्याला मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एवढे बदलून भागवता येते. कॅबिनेट, एसएमपीएस, एसएसडी, मॉनिटर, कीबोर्ड तेच राहतात. ज्याचे यंत्र खास मापाच्या पेटीत बसवलेले आहे त्याच्या पेटीत बाजारातला नवा बोर्ड बसतच नाही. त्याच्यापुढे पर्याय दोन: लिनक्स टाकणे, जो वाटतो त्यापेक्षा चांगला पर्याय आहे, किंवा अख्खे यंत्र नवे घेणे. एएमडीच्या एएम4 सॉकेटचे उदाहरणही इथे सांगायला हवे. 2017मध्ये पहिल्या रायझन प्रोसेसरबरोबर विकलेल्या अनेक मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत करून 2020-22मधले रायझन 5000 मालिकेचे प्रोसेसर चालू शकले. पाच वर्षांनी केवळ एक भाग बदलून यंत्राचा वेग कितीतरी वाढला. हे प्रत्येक वेळी होत नाही, हेही खरे. इंटेलचे 2020चे सॉकेट दोनच पिढ्या टिकले. प्रोसेसर बदलण्याच्या आशेवर यंत्र घेणे शहाणपणाचे नाही. पण रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड यांच्याबाबत ती आशा बहुतेक वेळा फळाला येते.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळू, कारण तो सगळ्यांत वजनदार आहे. बिघडला तर पकडायचे कोणाला? ब्रँडेड संगणकाला एक ते तीन वर्षांची वॉरंटी असते, आणि ऑनसाइट सेवा असेल तर माणूस घरी येतो. सुट्या भागांची वॉरंटी कागदावर जास्त लांब असते. प्रोसेसर आणि मदरबोर्डला साधारण तीन वर्षे, चांगल्या एसएमपीएस आणि एसएसडीला पाच किंवा त्याहून अधिक. पण आपल्या हाताने जोडलेल्या यंत्रात नेमका कोणता भाग गेला हे शोधणे आपल्यावर येते. मदरबोर्डवाला रॅमकडे बोट दाखवतो, रॅमवाला मदरबोर्डकडे. मुंबई-पुण्यात सेवा केंद्रावर जाऊन हा वाद मिटवता येतो. गडचिरोलीत किंवा कुडाळला राहणाऱ्याने तो भाग कुरियरने पाठवायचा आणि आठवडे वाट पाहायची. ही अडचण खरी आहे, आणि 'यूट्यूबवर सगळे मिळते' असे म्हणून ती उडवून लावणारे लोक स्वतःच्या हौसेलाच सर्वांची गरज समजतात. ज्याला यंत्राच्या पोटात डोकावण्याची मुळीच इच्छा नाही त्याने स्वतः जोडण्याच्या फंदात पडू नये.

पण आपल्याकडे या दोन टोकांच्या मधला एक मार्ग नेहमीच होता, आणि वादात तो हरवतो. भाग आपण निवडायचे आणि ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडून जोडून घ्यायचे. दोष शोधणे त्याचे काम, वॉरंटीसाठी भाग पाठवणेही त्याचेच. कायदाही त्याला जबाबदारीतून मोकळे सोडत नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाची जी व्याख्या आहे तिच्यात इतरांनी बनवलेले भाग जोडणाराही येतो. म्हणजे 'मी फक्त जोडून दिला, कंपनीला विचारा' हे दुकानदाराचे उत्तर कायद्यापुढे सहज टिकू नये. अट एकच, हातात पक्के बिल हवे. 'असेंबल्ड कॉम्प्युटर, एक नग' असे बिल असेल तर ते घेणे न घेणे सारखेच. प्रत्येक भागाचे पूर्ण नाव, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहिलेले जीएसटी बिल हेच असेंबल्ड संगणकाचे वॉरंटी कार्ड. बिल नको, हजार-दोन हजार कमी करतो, असे ऐकू आले तर दुकान बदलावे. ग्राहक ती सवलत आनंदाने घेतो आणि पुढे असेंबल्डच्या नावाने बोटे मोडतो.

असेंबल्डची बाजू घेताना त्या बाजारातली लबाडी झाकून चालणार नाही. 'आय फाइव्ह, आठ जीबी, नवा डेस्कटॉप' अशा जाहिराती ऑनलाइन दुकानांवर अतिशय कमी किमतीत दिसतात. आय फाइव्ह हे नाव इंटेलने अनेक पिढ्यांना दिले. 2011च्या सुरुवातीला आलेला दुसऱ्या पिढीचा प्रोसेसरही आय फाइव्हच होता, आणि जुन्या यंत्रांतून काढलेले असे प्रोसेसर अनोळखी कंपनीच्या नव्या बोर्डावर बसवून, चकचकीत दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये घालून विकले जातात. त्यात परवाना नसलेले विंडोज टाकलेले असते, आणि बऱ्याचदा वजनाला हलका, नावापुरता एसएमपीएस. अशा यंत्रापेक्षा कोणताही ब्रँडेड संगणक बरा. म्हणूनच 'असेंबल्ड चांगला' हे वाक्य मला मान्य नाही. भागांची नावे उघडपणे सांगणारा असेंबल्ड चांगला, इतकेच म्हणता येते. त्याच न्यायाने, साध्या मापाचा बोर्ड आणि एटीएक्स एसएमपीएस वापरणारा ब्रँडेड डेस्कटॉप मिळत असेल तर तो घ्यायला काहीच हरकत नाही.

एक तांत्रिक आक्षेप असा की, सुट्या भागांचा जमानाच आता सरत चालला आहे. मेमरी प्रोसेसरच्या अगदी जवळ, कायमची बसवली तर ती अधिक वेगाने चालते आणि वीज कमी खाते. अ‍ॅपलने 2020पासून आपल्या एम मालिकेत हेच केले, आणि त्यांची छोटी यंत्रे कामाला उत्तम आहेत हे नाकारता येत नाही. गंमत म्हणजे दुरुस्ती करता येणारे लॅपटॉप बनवण्यासाठीच स्थापन झालेल्या फ्रेमवर्क कंपनीने 2025मध्ये डेस्कटॉप आणला तेव्हा त्यातली मेमरी बोर्डाला कायमची जोडलेली होती. त्या प्रोसेसरचा वेग दुसऱ्या रीतीने साधत नव्हता. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. ज्याला त्या वेगाची खरोखर गरज आहे, ज्याचा धंदा त्यावर चालतो, त्याने तो सौदा डोळे उघडे ठेवून करावा. पण अकाउंट्स लिहिणाऱ्याला, अभ्यास करणाऱ्या मुलांना, पतसंस्थेच्या काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला तो वेग जाणवणारही नाही. आठ जीबीच्या जागी सोळा जीबी करता आले नाही, हे मात्र तिसऱ्या वर्षी नक्की जाणवेल. शिवाय डिसेंबर 2023मध्ये जेडेक या मानके ठरवणाऱ्या संस्थेने कॅम2 हे काढता-घालता येणाऱ्या मेमरीचे नवे मानक प्रसिद्ध केले, म्हणजे वेग आणि बदलता येणे यांची सांगड घालण्याचे प्रयत्नही थांबलेले नाहीत.

लॅपटॉपबद्दल थोडक्यात. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाला किंवा दिवसातले काही तास वीज जाणाऱ्या गावात डेस्कटॉपचा आग्रह धरणे चूक आहे. लॅपटॉप घरी जोडण्याचा प्रश्नच येत नाही. पण कसोटी तीच लावता येते. रॅमसाठी रिकामी जागा आहे का, एसएसडी साध्या एम.2 मापाची आहे का, बॅटरी स्क्रूने बसवली आहे की चिकटवली आहे, एवढे तीन प्रश्न दुकानात विचारायला हवेत. विक्रेत्याला उत्तर ठाऊक नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल आहे का ते पाहावे. ते उपलब्ध करून देणारी कंपनी त्या बाबतीत तरी विश्वासास पात्र.

संस्थांचे गणित वेगळे असते. चाळीस संगणकांची प्रयोगशाळा चालवणाऱ्या महाविद्यालयाने किंवा जिल्हाभर शाखा असलेल्या बँकेने एकसारखे ब्रँडेड संगणक देखभाल करारासह घ्यावेत; तिथे एकसारखेपणालाच किंमत आहे. पण निविदा काढताना फक्त प्रोसेसर आणि रॅमचे आकडे लिहून थांबू नये. एटीएक्स किंवा मायक्रो एटीएक्स बोर्ड, प्रमाणित वीजजोडणी, रॅमसाठी किमान एक रिकामी जागा, या अटी निविदेत घालायला जादा पैसा लागत नाही, आणि देखभाल करार संपल्यावर त्यांची किंमत कळते. आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्सचा अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चालतो आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांना तालुक्याच्या ठिकाणी काम मिळायचे तर दुरुस्त करता येतील अशी यंत्रे त्या तालुक्यात असायला हवीत.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. मोबाइल आणि घरगुती उपकरणांवर दुरुस्ती-निर्देशांक छापण्याची चर्चाही पुढे सरकली आहे. त्या यादीत डेस्कटॉप आणि लॅपटॉप यायला हवेत, आणि ग्राहक संघटनांनी ही मागणी लावून धरायला हवी. ते होईपर्यंत निर्देशांकाचे काम आपल्यालाच करावे लागेल. यंदा घरात संगणक येणार असेल तर दुकानदाराला कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडायला सांगा, एसएमपीएस एटीएक्स मापाचा आहे का हे विचारा, आणि त्याचे मॉडेल बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.